निर्वासितांसोबत कम्युनिटी प्रोजेक्ट कसा करायचा: "नाही" म्हणायची सोय ठेवून

निर्वासितांसाठी काहीतरी करायचंय असं म्हणणारी बहुतेक मंडळी आधीच काहीतरी ठरवून आलेली असतात. कुणाला अ‍ॅप काढायचंय, कुणाला बायकांसाठी शिवणक्लास, कुणाला मुलांची लायब्ररी. हेतू चांगलाच असतो, त्यावर वाद नाही, पण ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांना विचारलंत का असं म्हटलं की "अहो गरज तर दिसतेच आहे ना" हे उत्तर ठरलेलं. ही घाई आवरायला ह्युमन सेंटर्ड डिझाइन, म्हणजे वापरणाऱ्या माणसांना मध्यभागी ठेवून उपाय शोधायची पद्धत, पुढे आपण नुसतं एचसीडी म्हणू, चांगलं उपयोगी पडतं. नवीन असाल तर ते पायरीपायरीने कसं करायचं तेच इथे लिहितोय.

पद्धत काही गूढ नाही. आयडिओसारख्या डिझाइन फर्मने ती गाजवली, २०११ मध्ये सामाजिक कामात ती वापरायला आयडिओ डॉट ऑर्ग नावाची ना-नफा संस्था त्यांनी काढली, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूल या डिझाइन शाळेत पाच टप्पे सांगतात तर आयडिओवाले तीन. नावं वेगळी असली तरी काम तेच: लोकांचं ऐका, प्रश्न नीट मांडा, भरपूर कल्पना काढा, स्वस्तात कच्चं काहीतरी बनवा, लोकांना वापरू द्या, चुकलं तर बदला.

पण एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. बाजारात एखादं प्रॉडक्ट आवडलं नाही तर माणूस दुसरं घेतो, आणि डिझायनरला कळतं की आपलं गंडलंय. निर्वासिताला दुसरं कुठून मिळणार? नळ एकच, कार्ड देणारं काउंटर एकच, आणि तुम्ही त्या काउंटरवाल्यांच्या ओळखीचे आहात असं त्याला वाटत असतं. त्यामुळे तो तुम्हाला तोंडावर नाही म्हणणार नाही. छान आहे म्हणेल, फॉर्म भरेल, उद्घाटनाला येईल आणि नंतर वापरणार नाही. म्हणून या कामात एचसीडी करायचं म्हणजे प्रत्येक पायरीवर लोकांना बिनधोक "नाही" म्हणता येईल अशी सोय करायची. स्टिकी नोट्स, रंगीत पेनं, भिंतीवरचे चार्ट हे नंतर.

पायरी पहिली: जायच्या आधीचा अभ्यास

कोण कुठल्या कायदेशीर परिस्थितीत आहे ते समजून घ्या. १९५१ चा निर्वासितांचा करार आणि १९६७ चा प्रोटोकॉल ही आंतरराष्ट्रीय पातळीवरची मूळ चौकट (मूळ करार १ जानेवारी १९५१ च्या आधीच्या घटनांपुरताच होता, आणि तोही काही देशांनी फक्त युरोपपुरता धरला होता, तारखेचं बंधन १९६७ मध्ये काढलं), पण प्रत्यक्षात काय चालतं हे त्या त्या देशाच्या कायद्यावर ठरतं आणि सगळ्या देशांनी यावर सह्या केलेल्या नाहीत. एकाच खोलीत बसलेल्या चौघांत एकाला निर्वासित दर्जा मिळालेला असेल, दुसऱ्याचा अर्ज अडकलेला असेल, तिसऱ्याचा फेटाळलेला असेल आणि चौथ्याकडे कागदच नसतील. काम करायची परवानगी, बँकेत खातं, सिमकार्ड, वस्तीबाहेर फिरायची मुभा, यातलं काय कुणाला आहे ते आधी माहीत करून घ्या. नाहीतर तीन महिने खपून छोट्या धंद्याचा प्रोजेक्ट उभा कराल आणि शेवटी कळेल की यातल्या निम्म्या लोकांना कायद्याने कमाईच करता येत नाही.

दुसरं म्हणजे आधीपासून कोण काय करतंय ते बघा. निर्वासितांनी स्वतः चालवलेल्या संस्था, बायकांचे गट, धार्मिक मंडळं, तरुणांच्या फुटबॉल टीम, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. बऱ्याचदा तुम्हाला जे करायचंय ते कुणीतरी पदरमोड करून ऑलरेडी करत असतं. मग नवीन काढण्यापेक्षा त्यांना विचारा की काही मदत हवी का. हे ऐकायला साधं वाटतं पण फंडिंगच्या फॉर्ममध्ये "नवीन उपक्रम" असा रकाना असतो ना, त्यापायी लोक हे सोयीस्कर विसरतात.

आणि सगळे निर्वासित छावणीत राहतात हे डोक्यातून काढून टाका. जगभरात बहुतेक जण शहरात आणि गावात, भाड्याच्या खोल्यांत, लोकांच्यात मिसळून राहतात. २०२४ च्या शेवटी जबरदस्तीने घरदार सोडावं लागलेल्यांची जगातली संख्या १२ कोटींच्या वर होती, त्यातले सीमा ओलांडून गेलेले म्हणजे निर्वासित सव्वाचार कोटींच्या आसपास. एवढ्या मोठ्या जनतेला "निर्वासितांची गरज" असं एकच गाठोडं कसं असेल? डॉक्टर आहेत, गवंडी आहेत, कॉलेज अर्धवट सुटलेली पोरं आहेत, नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या आहेत.

पायरी दुसरी: टीम

टीममध्ये निर्वासित असलेच पाहिजेत आणि ते "सल्लागार" म्हणून फोटोपुरते नाही, निर्णयात. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, खाली नुसती लोकांची दिशाभूल, मध्ये माहिती देणं आणि मत विचारणं, वर भागीदारी आणि सगळ्यात वर लोकांच्या हातात कारभार. तुमचा प्रोजेक्ट कुठल्या पायरीवर बसतो ते प्रामाणिकपणे लिहून काढा. बरेचसे मधल्या पायऱ्यांवर अडकतात, म्हणजे विचारतात पण ठरवतात स्वतःच. मधल्या पायरीवर काम करणं म्हणजे पाप नाही, पण मग त्याला सहभाग म्हणून मिरवू नका.

मानधन द्या. तुम्हाला पगार आहे, डिझायनरला फी आहे, हॉलवाल्याला भाडं आहे, आणि ज्याच्या अनुभवावर सगळं उभं आहे त्याला चहा-बिस्किटं? कायद्याने रोख देता येत नसेल तर प्रवासखर्च, फोनचा रिचार्ज, मुलं सांभाळायची सोय, अनुभवाचं पत्र, काय चालतं ते त्यांनाच विचारा. बजेटमध्ये दुभाष्याचे पैसे पहिल्या ओळीत टाका, शेवटच्या नको, शेवटच्या ओळीतले पैसे नेहमी कापले जातात.

दुभाषी निवडताना भाषा येते एवढं बघून भागत नाही. एकाच देशातून आलेले दोघं म्हणजे एकाच बाजूचे असं नसतं, एकाला दुसऱ्याची भीती वाटत असू शकते, बोलण्याच्या ढंगावरून कोण कुठला ते लगेच कळतं. बायकांशी बोलायला बाई दुभाषी हवी का ते आधी विचारा. आणि घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला दुभाषी करू नका, ते पटकन भाषा शिकलेलं असतं म्हणून सगळे त्यालाच पुढे करतात, पण आईच्या आजारपणाचं नाहीतर बापाच्या केसचं त्याने का ऐकायचं.

पायरी तिसरी: ऐकणं

यात सगळ्यात जास्त वेळ घाला. नवीन माणसाला वाटतं मुलाखत म्हणजे प्रश्नावली. प्रश्नावली घेऊन बसलात की समोरचा माणूस ऑफिसात बसल्यासारखा बोलतो, कारण त्याने आजवर अशा शेकडो प्रश्नांना उत्तरं दिलेली असतात आणि त्या उत्तरांवर त्याचं आयुष्य ठरलेलं असतं. तुम्ही वही काढली की तो सावध होतो.

तर पहिल्या भेटीत हे स्पष्ट सांगा: मी कोण, कुठून आलो, माझा तुमच्या अर्जाशी, रेशनशी, दुसऱ्या देशात पाठवण्याशी काहीही संबंध नाही, माझ्याशी बोललात म्हणून काही वाढणार नाही आणि नाही बोललात म्हणून काही कमी होणार नाही. कुठल्याही प्रश्नाला "पुढे जा" म्हणू शकता. मध्येच उठून जाऊ शकता. नंतर फोन करून "माझं बोलणं काढून टाका" म्हणालात तर काढून टाकू. हे दुभाष्याला आधी समजावून ठेवा, नाहीतर तो दोन वाक्यांत उरकतो. संमती म्हणजे सही असं समजू नका, सहीची भीती वाटणारे खूप असतात, तोंडी संमती घेऊन आपण नोंद केलेली बरी.

"तुम्ही तिथून का निघालात, काय झालं" हे विचारू नका. अजिबात नको. तुमच्या प्रोजेक्टला ते लागत नाही. वाचनालय काढायला कुणाचं घर कसं जळलं हे कशाला माहीत हवं? स्वतःहून सांगायला लागले तर थांबवू नका, शांतपणे ऐका, उकरू नका. मानसिक प्रथमोपचारासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत तीन गोष्टी सांगितल्यात, बघा, ऐका, योग्य ठिकाणी जोडून द्या. त्यातल्या तिसऱ्यासाठी आधीच तयारी लागते, म्हणजे समुपदेशक कुठे आहे, कायद्याची मदत कुठे मिळते, मारहाण किंवा लैंगिक छळाची तक्रार कुठे करायची, याचे नंबर तपासून खिशात ठेवूनच जा. आणि नंबर चालू आहे का ते स्वतः लावून बघा.

विचारायचं काय मग? कालच्या दिवसाबद्दल विचारा. काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत, कुठे किती वेळ थांबावं लागलं, कुणाची मदत घेतली, कुठला रस्ता टाळलात आणि का. "तुम्हाला काय हवंय" या प्रश्नाला लोक तुम्ही काय देऊ शकता याचा अंदाज घेऊन उत्तर देतात, कालच्या दिवसात मात्र खऱ्या अडचणी आपोआप येतात. जमलं तर त्यांच्यासोबत चाला. पाण्याला, शाळेत, ऑफिसच्या रांगेत. एखादी बाई जवळचा रस्ता सोडून लांबून का जाते हे चालताना दिसतं, खुर्चीवर बसून ती ते सांगणार नाही कारण तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नसतं.

अजून एक बघायची गोष्ट, आणि माझ्या मते ही सगळ्यात भारी: लोकांनी स्वतःहून काय बदललंय. जॉर्डनमधली झातारी छावणी जुलै २०१२ मध्ये सिरियातून येणाऱ्यांसाठी उघडली, घरं म्हणून दिलेले कंटेनरसारखे कॅरॅव्हॅन आखीवरेखीव ओळींत मांडायचा प्लॅन होता. लोकांनी काय केलं तर जुगाड करून बनवलेल्या चाकांच्या गाड्यांवर ते कॅरॅव्हॅन ढकलत नेले, नातेवाइकांच्या शेजारी लावले, दोन-तीन एकत्र करून मध्ये अंगण काढलं, आणि मुख्य रस्त्यावर तर अख्खा बाजार बसवला ज्याला पॅरिसमधल्या प्रसिद्ध रस्त्यावरून गमतीने शाँझ एलिझे म्हणायला लागले. केशकर्तनालयापासून नवरीच्या भाड्याच्या कपड्यांपर्यंत तिथे सगळं मिळायला लागलं. आता हे कुणी शिस्तभंग म्हणून बघेल, पण डिझायनरने याच्याकडे रिसर्च म्हणून बघायचं. शेजार कुणाचा हवा, घरात आडोसा किती हवा, हातात चार पैसे खेळते राहायला काय लागतं, याची उत्तरं लोकांनी कृतीतून देऊन ठेवलेली असतात. तुमच्या वस्तीत, बिल्डिंगमध्ये, हॉस्टेलात असं काय केलंय ते शोधा. खिडकीला बांधलेला पडदा, जिन्यात लावलेली एक्स्टेन्शन वायर, वहीत लिहिलेला कुणाची पाळी कधी याचा तक्ता.

मोठ्या मीटिंगवर फार भरवसा ठेवू नका. तिथे बोलतात पुढारी आणि पुरुष. मीटिंग घ्या, पुढाऱ्यांचा मान राखा, त्यांना वगळलं तर काम होणारच नाही, पण त्यानंतर बायका वेगळ्या, तरुण मुली वेगळ्या, म्हातारे वेगळे, अपंग माणसं त्यांच्या घरी जाऊन, असं छोट्या गटांत बोला. वेळही त्यांच्या सोयीची.

मध्येच थोडं, माहिती जपण्याबद्दल

फोटो काढायचा मोह आवरा. एका फोटोवरून माणूस कुठे आहे ते त्याच्या देशातल्या नको त्या लोकांना कळू शकतं आणि मागे राहिलेल्या घरच्यांना त्रास होऊ शकतो. नावं लिहू नका, लागलीच तर नावांची यादी वेगळी, नोट्स वेगळ्या, दोन्हीला पासवर्ड. गुगल फॉर्मची लिंक सगळ्या टीमला उघडी ठेवून देणं ही नेहमीची बेफिकिरी. २०२१ मध्ये ह्युमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने एक रिपोर्ट काढला, की बांगलादेशात रोहिंग्या निर्वासितांकडून गोळा केलेली माहिती त्यांच्या नीट संमतीशिवाय पुढे म्यानमार सरकारपर्यंत गेली, म्हणजे ज्या सरकारपासून ते पळाले त्याच्याकडेच. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने, म्हणजे यूएनएचसीआरने, संमती घेतली होती असं सांगून त्यावर आक्षेप घेतला, तो वाद बाजूला ठेवा, पण एवढ्या मोठ्या यंत्रणेबाबत हा प्रश्न उभा राहू शकतो तर तुमच्या लॅपटॉपमधल्या एक्सेल शीटचं काय? सगळ्यात सुरक्षित माहिती म्हणजे जी गोळाच केली नाही ती.

पायरी चौथी: प्रश्न मांडणं

ऐकलेल्या गोष्टी भिंतीवर लावा आणि निर्वासित सहकाऱ्यांसोबत बसून गट पाडा. हे काम टीमने एकट्याने ऑफिसात करायचं नाही, कारण प्रश्न मांडण्याचा हक्क ज्याच्या हातात, प्रोजेक्ट त्याचा होतो.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. समजा एका शहरात नव्याने आलेल्या बायकांसाठी स्थानिक भाषेचा मोफत क्लास आहे, सुरुवातीला खोली भरलेली, महिन्याभरात चार-पाच जणी उरल्या. संस्थेने मांडलेला प्रश्न: "बायकांना भाषा शिकण्याची आवड कशी लावायची?" आता या प्रश्नातच निकाल लागलेला आहे, की दोष बायकांचा. यातून पोस्टर निघतील, बक्षिसं निघतील, फार तर हजेरीवर सर्टिफिकेट.

कालच्या दिवसाबद्दल विचारलं तर वेगळंच निघतं. क्लासची वेळ मुलांच्या शाळा सुटायच्या वेळेवर येते. दोन बस बदलाव्या लागतात. आणि एक बारकी गोष्ट: दाराशी हजेरीपट आहे, त्यावर पूर्ण नाव, केस नंबर, सही. हा कागद कुठे जातो ते कुणीच सांगितलेलं नाही. एकीने ऐकलंय की जास्त दिवस गैरहजर राहिलं तर भत्ता कापतात, दुसरीने ऐकलंय की भाषा येते असं दिसलं तर मदत बंद होते. दोन्ही अफवा एकमेकींच्या उलट, पण दोन्हींचा परिणाम एकच, की दाराशी जाऊन सही करण्यापेक्षा घरी बसलेलं बरं. हे कुठल्याही सॅटिस्फॅक्शन सर्व्हेत येत नाही. कारण सर्व्हेच्या फॉर्मवरही नाव, केस नंबर, सही असते.

मग प्रश्न होतो: "मुलं सोबत असताना, घराजवळ, आणि आपलं नाव कुठल्या ऑफिसात जाणार नाही याची खात्री असताना भाषा कशी शिकता येईल?" एचसीडीमध्ये अशा "कसं करता येईल" छाप वाक्याला फार महत्त्व आहे आणि ते योग्यच आहे. वाक्य इतकं मोठं नको की जगातली सगळी दुःखं त्यात मावतील आणि इतकं अरुंद नको की उत्तर आतच दडलेलं असेल. लिहिलेलं वाक्य त्या बायकांना वाचून दाखवा आणि "यात काय चुकलंय?" असं विचारा. "बरोबर आहे का?" असं विचारलं तर मान डोलवतील. काय चुकलंय म्हटलं की चूक काढणं हेच काम होतं, मग बोलतात.

एक इशारा. सगळेच प्रश्न डिझाइनचे नसतात. पाणी, संडास, निवारा यांचे किमान निकष आधीच ठरलेले आहेत, मदत संस्थांनी १९९७ पासून चालवलेल्या स्फीअर उपक्रमाच्या हँडबुकमध्ये माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, एका नळामागे जास्तीत जास्त २५० माणसं, २० माणसांमागे एक संडास, माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर असे आकडे दिलेत. पाणीच ८ लिटर येत असेल तर लोकांना जमवून "पाणी कसं वाचवता येईल" याची वर्कशॉप घेणं हा शुद्ध चावटपणा आहे. तिथे वर जाऊन भांडायचं असतं. दारिद्र्य, कायदा आणि अपुरा निधी यांना सृजनशील उत्तरं शोधायची जबाबदारी निर्वासितांवरच टाकणं ही या पद्धतीची सगळ्यात वाईट सवय आहे आणि नवीन लोक त्यात पटकन अडकतात.

पायरी पाचवी: कल्पना

ही पायरी लोकांना वाटते तेवढी महत्त्वाची नाही, मजेची मात्र आहे. सगळे मिळून बसा, सुचेल ते काढा, लिहिता न येणाऱ्यांसाठी चित्रं आणि वस्तू ठेवा, पहिल्या अर्ध्या तासात कुणाची कल्पना खोडू नका. निवडताना मत गुप्त ठेवा, कारण पुढाऱ्याने हात वर केला की सगळे हात वर जातात. डबे ठेवा, खडे टाकू द्या. झालं.

पायरी सहावी: कच्चं बनवा, स्वस्तात बनवा

प्रोटोटाइप म्हणजे यंत्र किंवा अ‍ॅपच असं नाही. पुठ्ठ्याची टपरी, जमिनीवर खडूने आखलेली खोली, दोन आठवड्यांची ट्रायल, एखाद्या प्रसंगाचं नाटक करून बघणं, सगळे प्रोटोटाइपच. नियम एकच, की तो इतका स्वस्त आणि इतका ओबडधोबड हवा की फेकून द्यायला कुणाला वाईट वाटणार नाही. चकचकीत वस्तू दाखवली की लोक म्हणणार छान आहे, एवढा खर्च केलाय बिचाऱ्यांनी. खडूच्या रेघेला मात्र बेधडक म्हणतात की हे दार इथे नको.

आपल्या उदाहरणात काय कराल? इमारत शोधू नका, फर्निचर घेऊ नका. त्यांच्यातल्याच एकीच्या घराजवळ मिळेल ती जागा, एका कोपऱ्यात मुलांसाठी सतरंजी आणि मुलं बघायला पैसे देऊन ठेवलेली त्यांच्यातलीच एक, हजेरीपट नाही, त्याऐवजी येताना एक मणी बरणीत टाकायचा म्हणजे किती आल्या ते कळेल आणि कोण आल्या ते कळणार नाही. शिकवायचं काय तेही त्याच ठरवतात, औषधाच्या दुकानातलं बोलणं, शाळेतून आलेली चिठ्ठी वाचणं, घरमालकाला गळक्या छताबद्दल फोन करणं. हे तीनेक आठवडे चालवून बघा. फंड देणाऱ्याला हजेरीची सहीच हवी असेल तर त्याच्याशी आत्ताच बोला, बरणीतल्या मण्यांचा फोटो चालेल का ते विचारा, बरेच जण ऐकतात, कुणी विचारलेलंच नसतं इतकंच.

ट्रायल सुरक्षित हवी हे सांगायला नको, तरी सांगतो. आग, वीज, पाणी, औषध, मुलं यांच्याशी संबंध आला तर "करून बघू" चालत नाही, जाणकाराला दाखवूनच पुढे जायचं. इकिया फाउंडेशनच्या पाठबळाने यूएनएचसीआरसोबत तयार झालेला बेटर शेल्टर हा सुट्या भागांतून जोडायचा साडेसतरा चौरस मीटरचा निवारा, त्याला लंडनच्या डिझाइन म्युझियमचा २०१६ चा सर्वोत्तम डिझाइनचा मान मिळाला, पण त्याआधीच २०१५ च्या शेवटी झ्युरिकमध्ये आगीच्या चाचण्यांवरून तो वापरायचं रद्द झालं होतं. पुढे त्यात सुधारणा झाल्या. बक्षीस मिळालेली गोष्ट आणि त्या जागी, त्या नियमांत, त्या माणसांना चालणारी गोष्ट या दोन वेगळ्या असू शकतात.

पायरी सातवी: खरा फीडबॅक कसा मिळवायचा

तोंडी विचाराल तर "छान" मिळेल, हे वर सांगितलंच. मग काय करायचं?

दोन पर्याय समोर ठेवा. एकच वस्तू दाखवून कशी वाटली विचारू नका, दोन दाखवा आणि कुठली टाकून देऊ ते विचारा. माणसाला पाहुण्याच्या वस्तूला नावं ठेवायला जड जातं पण दोन्हीतली एक निवडायला जात नाही. बनवणाऱ्याने स्वतः फीडबॅक घेऊ नये, दुसऱ्या कुणाला पाठवा. आणि बोलण्यापेक्षा वागण्याकडे बघा: दुसऱ्यांदा कोण आलं, मैत्रिणीला कुणी आणलं, कोण यायचं बंद झालं. न येणाऱ्यांकडे जा, पण "का आला नाहीत" अशा सुरात नको, "आमचं काय जमलं नाही" असं.

साधेपणाचं एक चांगलं उदाहरण म्हणजे कुजा कुजा. अमेरिकन रेफ्युजी कमिटी, आताचं नाव अलाइट, यांच्या कामातून ते निघालं. निर्वासितांना दोनच प्रश्न: या सेवेवर समाधानी आहात का, हो की नाही, आणि ती सुधारायला काही कल्पना आहे का. बस. चाळीस प्रश्नांच्या फॉर्मपेक्षा हे पुन्हा पुन्हा विचारता येतं आणि बदल झाला की लगेच दिसतं.

पण फीडबॅक घेऊन गायब होणं हा मोठा गुन्हा. लोक वैतागलेत ते प्रश्नांनी नाही, प्रश्नांनंतरच्या शांततेने. म्हणून प्रत्येक फेरीनंतर परत जाऊन सांगा: तुम्ही हे म्हणालात, हे बदललं, हे बदलता आलं नाही आणि कारण असं. तिसरा भाग सांगायला जीवावर येतं, पण तोच ऐकून लोक पुढच्या वेळी खरं बोलतात. भिंतीवर त्यांच्या भाषेत कागद लावा, वाचता न येणाऱ्यांसाठी व्हॉइस मेसेज फिरवा. आणि टीममधल्याच कुणाबद्दल तक्रार असेल तर ती टीमबाहेर कुठे करायची, तेही त्याच कागदावर.

शेजाऱ्यांना विसरू नका

निर्वासित जिथे येतात तिथले लोक बऱ्याचदा स्वतःच तंगीत असतात. त्यांच्या डोळ्यांसमोर नवा क्लास, नवा नळ, नवी सोलर लाइट फक्त बाहेरून आलेल्यांसाठी उभी राहिली तर कुरबुर होणारच, आणि त्याचा त्रास तुम्हाला नाही तर निर्वासितांना होतो. युगांडात निर्वासितांसाठी येणाऱ्या मदतीतला साधारण ३० टक्के वाटा आसपासच्या स्थानिकांना मिळावा असं धोरण ठेवलंय. तुमच्या छोट्या प्रोजेक्टला टक्केवारीची गरज नाही, पण ऐकण्याच्या पायरीपासूनच शेजारच्या लोकांशी बोला. आपल्या उदाहरणात स्थानिक बायकांनाही सतरंजीवर मुलं सोडून बसता आलं तर भाषेचा सराव फुकटात होतो, दोन्ही बाजूंनी.

पायरी शेवटची: हातात देणं

"कम्युनिटीला हँडओव्हर" हे प्रपोजलमध्ये सगळेच लिहितात आणि शेवटच्या महिन्यात जागे होतात. हँडओव्हर म्हणजे भाषण आणि किल्लीचा फोटो नाही. पहिल्या आठवड्यापासून हिशोबाची वही त्यांच्यातल्या दोघांच्या हातात, खर्चाच्या निर्णयात त्यांची सही लागते, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन ते, जागेच्या मालकाशी बोलणारे ते. खातं त्यांच्या नावावर काढता येत नसेल तर कुठल्या संस्थेच्या खात्यात पैसे राहतील, काढायला कुणाची परवानगी लागेल, हे कागदावर. यूएनएचसीआरनेही २०२२ मध्ये निर्वासितांच्याच संस्थांना थेट पैसे देणारा एक इनोव्हेशन फंड सुरू केला, तेव्हा "त्यांना पैसे सांभाळता येणार नाहीत" हे कारण आता पुढे करू नका. अकाउंट्स शिकवा, ऑडिट ठेवा, जसं बाकी कुठल्याही संस्थेला ठेवता.

माणसं बदलत राहणार हेही धरून चाला. कुणाला दुसऱ्या देशात जागा मिळेल, कुणी काम शोधत दुसऱ्या शहरात जाईल, कुणी परत जाईल. एकाच उत्साही माणसावर सगळं उभं केलं तर तो गेला की संपलं. प्रत्येक कामाला दोघं, आणि काम कसं करायचं ते फोनवर रेकॉर्ड केलेल्या छोट्या व्हिडिओत, चेहरा न दाखवता, नुसते हात दिसले तरी पुरे.

आणि बंद करायचा हक्क. क्लासची गरज संपली, बायकांना भाषा आली, किंवा त्यांनाच कंटाळा आला, तर प्रोजेक्ट बंद करायचा निर्णय त्या घेऊ शकतात का, की फंडची मुदत संपेपर्यंत तो ओढत न्यायचा? हे पहिल्याच मीटिंगमध्ये बोलून घ्या आणि लिहून ठेवा: बंद करायचं कुणी ठरवायचं, किती जणींचं मत लागेल, उरलेले पैसे कुठे जातील, सतरंज्या आणि फळा कुणाकडे राहील, आणि फंड देणाऱ्याला कोण कळवणार.